आयफेल टॉवर मोर

"आयफेल टॉवर मोर असतो का रे हेमराज? तुझ्या बहिणीनं अख्ख्या टॉवरला गोल केलाय," कमलिनीकाकू म्हनल्या अन् आठ वर्षाच्या गुंजनचा पेपर साऱ्यायले दाखवत बसल्या.

"अन् बाकीच्या सात चित्रात मोर कुठी हाये, ते तं तुमी दाखवा," हेमराज म्हनला.

भिलाईच्या मराठी मंडळाच्या हॉलात चित्रकोड्याची परीक्षा झाली होती. एक पोरगी बॅग घेऊन जगभर फिरते, पिरॅमिड, ताजमहाल, चीनची भिंत, अशा आठ जागी, अन् दर चित्रात एक मोर लपून राहते, त्याले गोल कराचा. कोडं काकूनंच बनवलं होतं, रंगीत. पोरायले मात्र झेरॉक्स भेटली, ते बी अशी काळी का ताजमहाल कोळशाच्या वॅगनमधून काढल्यावानी दिसे. बाहेर नागपूरच्या फायनलची बस उभी, जिंकणाऱ्यासाठी एकच सीट बाकी. गुंजन सकाळपासून नवे मोजे घालून बसली होती.

तिनं सात चित्राखाली लिहिलं होतं, 'इथं मोर नाही.' काकूचा पोरगा शुभंकर मात्र आठापैकी आठ.

हेमराज गणिताच्या सरसंग भांडून दहावीतून निघाला, तो आता मोटर वाइंडिंगच्या दुकानात बसते. जळलेली कॉइल वासावरून वळखते, तं घरून पाठ करून आणलेलं उत्तर कावून नाही वळखणार? त्यानं पिरॅमिडचा कोरा पेपर डोकं खाली, पाय वर असा उलटा करून शुभंकरपुढं ठेवला. मोर दाखव म्हनलं. पोट्ट्यानं फटकन खाली उजव्या कोपऱ्यात बोट टेकवलं. पिरॅमिड शेंड्यावर उभा होता अन् मोर आभाळात बसला होता.

मागच्या खुर्च्यांवर दोन आया फिसकन हसल्या. काकूनं चष्मा पुसला. टॉवर तर चुकलाच ना, म्हने, नियम म्हणजे नियम. हेमराजनं टेबलाची कड धरली. अजून एक शब्द निघता तं टेबल उलटंच होतं.

तेवढ्यात गुंजन रडक्या आवाजात बोलली, "टॉवर मोर हाये. बाबा म्हनते, लोखंड कुठलं बी असो, भिलाईवाल्याचंच."

चहाचे कप उचलता उचलता हॉलातली कामवाली गयाबाई काकूले हसून म्हनली, "मोर माने माझं, दीदी. मोर घर, मोर बेटी. बीस साल ले भिलाई म हव, अतको नइ जानव?"

गुंजन गल्लीतल्या पोरीयसंग छत्तीसगढीच बोलते. पक्षी दिसेना, तं तिनं आपलं काय हाये ते शोधलं होतं.

काकूनं बसच्या यादीत गुंजनचं नाव लिहिलं, पण पेन असा दाबला का कागद फाटला. सोबत घरचं मोठं माणूस पाहिजे, नाहीतर सीट शुभंकरची, म्हने. बाबा प्लांटात फर्स्ट शिफ्टले, आई कुम्हारीले मावशीकडं. हेमराजनं गुंजनची पिशवी खांद्यावर टाकली. सतरा वर्षाचा म्हंजे मोठाच, अन् बसायले इंजिनाचं झाकण हायेच. ड्रायव्हर हॉर्न मारून राहिला, तसा दुकानातून उस्तादचा फोन आला. बोरिंगची मोटर आजच द्याची होती, उस्ताद आईबहिणीवरच उतरला.

"उस्ताद, बाकीच्या शिव्या उद्या द्या. मले आता जा लागते."