नेमाची एकवीस फुलं

"नेम मोडू नये, वसू. आणि मोडायची वेळ आलीच, तर आधी देवीसमोर उभं राहून तिला सांगावं. गुपचूप मोडलेला नेम माणसाला फार छळतो."

सरोजिनीआत्याला जाऊन अकरा वर्षं झाली होती. पण सिंगापूरला, वुडलँड्समधल्या मुलाच्या त्या नवव्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये पहाटे डोळे उघडले, की वसुधाताईंना आधी आत्याचा आवाज आठवायचा आणि मग खालून जाणारी पहिली बस ऐकू यायची. अंघोळ उरकून, ओल्या केसांना पंचा बांधून त्या दार हलकेच ओढून घ्यायच्या. हातात कापडी पिशवी आणि वाकड्या मुठीची छत्री. छत्री पावसासाठी नव्हे, फांदी ओढायला. कोथरूडला तीस वर्षं त्यांनी अशीच फुलं गोळा केली होती, कधी आपल्या कुंडीतली, कधी शेजाऱ्याच्या कुंपणावरून बाहेर डोकावणारी.

इथे आल्या त्याच दिवशी ओजसने खिडकीतून त्यांना खालची झाडं दाखवली होती. "चेरी ब्लॉसम बघायला तुला जपानला न्यायचं राहूनच जातंय, आई. तोवर हा आमचा साकुरा बघ." खरं तर तो साकुरा नव्हे. महिना कोरडा जाऊन एखादी जोराची सर आली, की ही रस्त्याकडेची झाडं अंगभर गुलाबी होतात, म्हणून इथली माणसं कौतुकाने त्यांना सिंगापूरचा साकुरा म्हणतात. ऑफिसला निघालेली माणसंही थांबून फोटो काढत होती. वसुधाताईंनी मात्र हात जोडले. परक्या गावात रोजची फुलं कुठून आणायची, या काळजीत त्या विमानात डोळ्याला डोळा न लावता बसल्या होत्या. देवीनेच सोय केली होती.

सून चैत्रालीला दिवस गेल्याचं कळलं, त्या दिवसापासून त्यांचा नेम होता. रोज देवीला एकवीस फुलं. विकत घेतलेली नकोत, खाली पडलेली नकोत, स्वतःच्या हाताने खुडलेली हवीत. मूल सुखरूप हातात येईपर्यंत. घरात हे कुणालाच ठाऊक नव्हतं. चैत्रालीला आता पाचवा महिना लागला होता. दोन वर्षांपूर्वीचं पहिलं मूल पाचव्याच महिन्यात गेलं होतं. गुरुवारी सकाळी मोठी सोनोग्राफी होती, आणि त्या गुरुवारबद्दल घरात कुणी बोलत नव्हतं.

बुधवारी संध्याकाळी ओजस ऑफिसातून आला तो मोबाइल पुढे धरूनच.

"आई, ही कोण बाई ओळखतेस का?"

ब्लॉकच्या ग्रुपवर कुणीतरी फोटो टाकला होता. पिवळी साडी, डोक्याला पंचा, आणि छत्रीच्या मुठीत अडकलेली गुलाबी फांदी.

"हे बघ, खाली काय लिहिलंय! ‘आंटी हार्वेस्टिंग आवर साकुरा!’ आई, हे कोथरूड नाही. तिथे फार तर एखादं कुत्रं भुंकतं. इथे असं फूल तोडणं गुन्हा आहे!"

"मी न विचारता नाही रे तोडत," वसुधाताई हळू आवाजात म्हणाल्या. "झाडाला विचारते. देवीसाठी नेते म्हणून सांगते."

"झाडाला विचारून काय उपयोग? टाउन काउन्सिलला विचारावं लागतं!"

सोफ्यावर पाय वर घेऊन बसलेली चैत्राली खळखळून हसली. कितीतरी दिवसांनी. ओजसही हसला, "उद्यापासून छत्री माझ्या ताब्यात" म्हणाला आणि ऑफिसचा फोन वाजला म्हणून आतल्या खोलीत गेला.

त्याच्यामागे दार लागलं तसं चैत्रालीचं हसू विरलं.

"आई, रोज एकवीसच का असतात?"

वसुधाताईंनी पदर सावरला. "काय एकवीस?"

"फुलं. मी मोजते. सकाळी चहा घेऊन येते ना, तेव्हा देवघरासमोर उभी राहून मोजते. कधी वीस नाहीत, कधी बावीस नाहीत. माझ्यासाठी आहे ना हे?"

खोटं बोलायची सवय नव्हती. त्यांनी मानेनेच हो म्हटलं.

"मला विचारायचं तरी होतं."

"नवस का कुणी विचारून करतं, बाळा?"

"पण तो माझ्यावर आहे, आई! माझ्या पोटावर आहे." चैत्रालीचा आवाज चढला नाही, नुसता कोरडा झाला. "उद्या तिथे काही वाईट निघालं, तर तुम्ही फुलंच मोजत बसाल. कुठलं कमी पडलं, कुठलं किडकं होतं. आणि मीही मोजेन."

वसुधाताईंना उठून स्वयंपाकघरात जावंसं वाटलं. कुकर लावायचा होता. पण पाय उचलले नाहीत, आणि जे दोन वर्षं कुणालाही, नवऱ्यालासुद्धा सांगितलं नव्हतं, ते तोंडातून बाहेर पडलं.

"मागच्या वेळीही होता नेम. तुझ्या सासऱ्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं त्या दिवशी. सकाळी घाई झाली. आदल्या दिवशीची फुलं होती टोपलीत, तीच पाणी शिंपडून वाहिली मी. देवीला सांगितलंसुद्धा नाही. तिला काय कळतंय, असं मनात म्हटलं." त्यांनी नजर खाली वळवली. "चौथ्या दिवशी ओजसचा फोन आला."

चैत्राली त्यांच्याकडे बघत राहिली. आतून ओजसचं इंग्रजी बोलणं ऐकू येत होतं, कसलीशी तारीख पुढे ढकलायची होती.

"तुम्ही दोन वर्षं हे घेऊन फिरताय?"

वसुधाताई पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिल्या.

"मी त्या आठवड्यात ऑफिसला, रॅफल्स प्लेसपर्यंत, रोज उभी राहून जात होते," चैत्राली म्हणाली. "एमआरटीच्या गाडीत कुणी ना कुणी जागा द्यायचं, मी नको म्हणायचे. ऑफिसात अजून सांगितलं नव्हतं, उगाच कुणी पाहील म्हणून. डॉक्टर म्हणाले, त्याचा काही संबंध नाही. कारण सापडलंच नाही म्हणाले. पण मी अजून त्या गाडीत उभीच आहे, आई."

वसुधाताईंनी तिचा हात घेतला. तो गार होता.

"मग एक ऐका माझं," चैत्राली म्हणाली. "उद्या फुलं आणू नका. पोलिसांसाठी नव्हे, ग्रुपसाठी नव्हे. उद्या जे काही असेल, ते आधीच ठरलेलं आहे. ते तुमच्या फुलांमुळे नसू दे आणि माझ्यामुळे नसू दे. माझ्याबरोबर चला फक्त. ओजस मीटिंग आटोपून थेट तिकडेच येणार आहे. मला एकटीला जायचं नाहीये."

"उद्याचाच दिवस म्हणतेस? परवापासून सोडते हवं तर. उद्या नको ग."

"उद्याचाच. शब्द द्या."

सगळे दिवस सोडून नेमका तो दिवस. सुनेचं पोट त्यांच्या दंडाला टेकलं होतं. आत काही हललं की त्यांनाच वाटलं, कळलं नाही.

"दिला," त्या म्हणाल्या.

पहाटे जाग आली ती नेहमीच्या वेळेला. अंघोळ झाली, पंचा बांधला. खिळ्यावरच्या पिशवीकडे हात आपोआप गेला आणि तिथेच थांबला. लिफ्टने खाली जाऊन दहा मिनिटांत परत येता आलं असतं. चैत्राली अजून झोपलेली होती. एकवीस फुलं पदराखाली आणून पोथीमागे ठेवली असती, तर कुणाला कळलं असतं?

पण असंच तर मागच्या वेळी म्हटलं होतं.

त्या देवीसमोर उभ्या राहिल्या. बसल्या नाहीत. कालची फुलं मलूल होऊन मूर्तीच्या पायाशी चिकटली होती. एकेक उचलून त्यांनी ती बाजूला काढली, तांब्या पुसला, निरांजन लावलं.

"आज फूल नाही," त्या पुटपुटल्या. "विसरले नाही, आळसही नाही. पोरीला शब्द दिलाय. रागवायचंच असेल तर इथे मी उभी आहे. तिच्याकडे जाऊ नकोस."

देवी नेहमीसारखीच दिसत होती. त्यांना वाटलं होतं तेवढं हलकं काही वाटलं नाही.

आठ वाजता चैत्राली तयार होऊन बाहेर आली. तिची नजर आधी देवघराकडे गेली. पितळी ताम्हन रिकामं होतं. तिने फायलींची पिशवी सासूच्या हातात दिली आणि ती वाकून चप्पल घालायला लागली.

"थांब, वाकू नकोस," वसुधाताई म्हणाल्या आणि त्यांनी स्वतः खाली बसून तिच्या चपलेचा पट्टा लावला.

छत्री कोपऱ्यात तशीच होती. ओजस ताब्यात घ्यायची विसरला होता.

खाली सगळी वाट गुलाबी झालेली. रात्री वारा सुटला असावा. एक शाळकरी मुलगी आणि तिची आई झाडाखाली उभ्या राहून फोटो काढत होत्या. आईने पिवळ्या साडीकडे पाहिलं, मुलीच्या कानात काही सांगितलं. वसुधाताईंनी मान खाली घातली नाही. त्या झाडापाशी क्षणभर थांबल्या. सगळ्यांत खालची फांदी अगदी हाताशी आली होती, आज छत्रीही लागली नसती. बोटं पिशवीच्या बंदावर घट्ट झाली.

"आई?" चैत्राली म्हणाली.

"आले."

वरून एक फूल सुटून त्यांच्या पदरावर पडलं. पडलेलं तसंही चालत नाही, असं मनात आलं, आणि त्या विचाराचीच त्यांना भीती वाटली. त्यांनी फूल झटकलं नाही, उचललंही नाही. टॅक्सी वळणावर येऊन थांबली होती. सुनेचा हात आपल्या हातात घेऊन, खालची फुलं पायाखाली येणार नाहीत अशा बेताने, त्या टॅक्सीकडे चालू लागल्या.