एक दिनार, साल १९७७

मित्रांनो, मी एक दिनाराचे जुने नाणे आहे. तांबे, निकेल आणि जस्त यांच्या मिश्रधातूतून १९७७ साली बेलग्रेडच्या टाकसाळीत माझा जन्म झाला. ज्या देशाचे नाव माझ्यावर कोरले आहे, तो आता नकाशावर सापडत नाही. मी मात्र आहे. कधी कधी वाटते, आपण त्या देशाला पडलेले एक लहानसे स्वप्न असू. पाहणारा जागा होऊन निघून गेला आणि स्वप्न मागे राहिले.

तरुणपणी मी पुष्कळ हिंडले. काड्यापेटी, सुईदोरा, सकाळचे वर्तमानपत्र अशा लहान गरजांच्या कामी आले. पुढे महागाई वाढत गेली आणि एके दिवशी माझ्या बदल्यात काहीच मिळेनासे झाले. क्न्याझेवाट्स गावातल्या एका बाईने मला बटणांच्या डब्यात टाकले. तिथे मी अनेक वर्षे झोपले. बटणे शर्टांच्या गोष्टी सांगत, मी बाजारांच्या सांगे. ऐकता ऐकता कोण बटण आणि कोण नाणे, हेही आम्ही विसरून गेलो.

त्याच गल्लीत दोब्रिवोये राहत. ते छापखान्यातून निवृत्त झालेले फिटर. १९७३ ते १९८१ या नऊ वर्षांचे एकेक दिनार जमवण्याचा त्यांचा संकल्प होता. जाड पुठ्ठ्यावर कंपासने वर्तुळे आखून त्यांनी नऊ खाचा कापल्या होत्या. नियम एकच: पैसे मोजून नाणे घ्यायचे नाही; लोकांच्या खणांतून आणि जुन्या कोटांच्या खिशांतून आपसूक येईल तेच ठेवायचे. आठ खाचा भरल्या. १९७७ची खाच सहा वर्षे रिकामी राहिली.

शेजारी तिहोमीर त्यांची चेष्टा करी. “जग सोनं जमवतं, आमचे शेजारी भंगार जमवतात. तेही फुकटात.”

“भंगार वजनावर घेतात,” दोब्रिवोये शांतपणे म्हणत. “मी साल बघून घेतो.”

आणि एका नाताळच्या आदल्या दिवशी तिहोमीरच आपल्या दिवंगत आईचा बटणांचा डबा घेऊन आला. “बघा यात काही सापडतंय का. नाही सापडलं तर बटणं तरी लावा, कोटाची दोन तुटलीत तुमच्या.”

दोब्रिवोयेंनी मला भिंगाखाली धरले. साल जुळत होते. जुने नाणे कधी घासू नये, हे ते जाणत होते. म्हणून त्यांनी मला बशीत, ऊर्ध्वपातित पाण्यात भिजत ठेवले आणि बशी खिडकीत ठेवली.

मित्रांनो, आमच्याकडे नाताळच्या दिवशी चेस्नित्सा नावाची गोल भाकरी भाजतात आणि तिच्या पिठात एक नाणे दडवतात. ते ज्याच्या तुकड्यात निघेल, त्याचे वर्ष भाग्याचे. मग त्याने ते वर्षभर जवळ बाळगावे. किंवा घरधन्याने नोट देऊन ते सोडवून घ्यावे. हे नाणेही आधी धुऊन बशीत ठेवतात. दोब्रिवोयेंच्या पत्नी नेगोसावा यांनीही सकाळी सध्याच्या चलनातला एक साधा दिनार धुऊन तसाच खिडकीत ठेवला. दोन्ही बश्या एकाच संचातल्या. चष्मा होता दुसऱ्या खोलीत. त्यांच्या पिठाळलेल्या बोटांनी मलाच उचलले.

पिठाच्या आत पूर्ण अंधार होता, मऊ आणि उबदार. मग भट्टीची ऊब वाढू लागली. टाकसाळीतला जन्माचा क्षण मला पुन्हा आठवला. वाटले, आपण वितळून परत नवे होणार आहोत, नव्या देशाचे, नव्या सालाचे. भोवती भाकरी हळूहळू फुगत होती आणि मी तिच्या मध्यभागी तरंगत होते.

दुपारी चौघे टेबलाभोवती उभे राहिले: नवरा-बायको, त्यांची मुलगी दुन्या, आणि त्या दिवशीचा पहिला पाहुणा म्हणून तिहोमीर. चौघांनी भाकरी धरून तीनदा फिरवली आणि हातांनी मोडली. मी दुन्याच्या वाट्याला आले.

दुन्या परिचारिका होती. ग्राझ शहरातल्या इस्पितळात तिची नोकरी ठरत आली होती; पण जर्मन भाषेच्या परीक्षेत ती दोनदा नापास झाली होती. तिसरी परीक्षा तीन आठवड्यांवर आली होती.

“आता झाले मी पास,” ती म्हणाली. गेल्या कित्येक आठवड्यांत ती प्रथमच हसली होती.

“घरधनी, काढा पाकीट,” तिहोमीर म्हणाला. “नाणं सोडवून घ्या. चिकटपणा आज तरी नको.”

दोब्रिवोयेंनी मला हातात घेतले. भाकरीचा कण नखाने बाजूला केला आणि साल वाचले. एक नोट पुढे केली असती, तर मी रीतीनेच त्यांचे झाले असते. सहा वर्षांची खाच भरली असती. दुन्याचा तळहात मात्र अजून उघडाच होता.

त्यांनी मला त्या तळहातावर परत ठेवले. “मी नाही सोडवत. तुझं आहे, तुझ्याकडेच ठेव. फक्त घासू नकोस. आणि किल्ल्यांबरोबर ठेवू नकोस.”

जेवणानंतर नेगोसावा बश्या उचलायला गेल्या. एका बशीत त्यांचा साधा दिनार अजून होता. ती बशी घेऊन त्या नवऱ्याजवळ आल्या. “अहो, हे काय केलं मी.”

“हळू बोल,” दोब्रिवोये म्हणाले. “भाकरी छान झालीय.”

दुन्या उत्तीर्ण झाली. त्याचे श्रेय मी घेत नाही. ती रोज पहाटे उठून अभ्यास करीत होती. आता मी ग्राझमध्ये, तिच्या पाकिटातल्या वेगळ्या कप्प्यात असते. वर्ष सरले, नाताळला तिला रजा मिळाली नाही, मी तिच्याकडेच राहिले. दर रविवारी दूरध्वनी येतो आणि जेवणखाण विचारून झाले की तोच प्रश्न येतो: “नाणं आहे ना?”

“आहे हो बाबा. तुम्ही कधीपासून शकुन मानायला लागलात?”

“म्हातारपणी मानतो माणूस.”

तिला अद्याप काहीच ठाऊक नाही. मला बोलता आले असते, तरी मी सांगितले नसते.

म्हणून मित्रांनो, एवढीच विनंती. घरातले चलनातून गेलेले नाणे टाकण्यापूर्वी एकदा उजेडात धरून त्याचे साल वाचा. आणि कोणी एखादी साधी वस्तू काही न बोलता तुमच्या हातावर ठेवली, तर ती नीट जपा. आपण काय देऊन टाकले, हे देणारा बहुधा सांगत नाही.