प्रश्नातला 'ना'

जवानांच्या वसाहतीत कल्याण केंद्राच्या ताई आल्या, की आधी त्यांचं हसू घरात शिरायचं आणि मागून त्या. कोणाचं पेन्शन अडलंय, कोणाच्या मुलीला शाळेत प्रवेश हवाय, ताई सगळीकडे पोहोचायच्या. काम चोख, जीभ गोड. आणि दारात पाऊल ठेवताच प्रश्न ठरलेला, "काय वहिनी, सगळं ठीक ना?"

"हो ताई, ठीक."

झालं! घोटभर चहा, चार गप्पा आणि पुढचं घर. आपण सगळेच असं विचारतो. त्यात वाईट ते काय, असं तुम्हीही म्हणाल.

त्या दुपारी ताई वाघाच्या घरी गेल्या. वाघ हे त्या जवानाचं पलटणीतलं टोपणनाव. मोहीम फत्ते करून आला, तेव्हा अख्ख्या वसाहतीने त्याला खांद्यावर घेऊन मिरवलं होतं. आता तो मोठ्या रजेवर होता आणि घराबाहेर पडत नव्हता. वाघ दमलाय, विश्रांती घेतोय, असं लोक म्हणायचे आणि विषय बदलायचे.

ताईंनी बेल दाबली. वाजली नाही. पुन्हा दाबणार, तोच दार हळूच उघडलं. वाघाची बायको ओठांवर बोट ठेवून उभी होती. चौकटीपाशी बेलची कापलेली वायर लोंबत होती.

पुढच्या खोलीत वाघ खुर्ची दाराकडे वळवून बसला होता. पडदे ओढलेले. भिंतीवरचं घड्याळ बंद. "टिकटिक सहन होत नाही त्यांना," बायको कुजबुजली.

"काय दादा, सगळं ठीक ना?" ताईंनी विचारलं.

"ठीक." त्याची नजर ताईंच्या खांद्यावरून दारावरच खिळलेली होती.

"आणि वहिनी?"

"ठीक, ताई."

ताई नेहमीसारख्या आत स्वयंपाकघरात जाऊन बसल्या, मागून बायकोही आली. तिथे वाघाची म्हातारी आई हातांनी कोबी फाडत बसली होती. शिट्टीचा कुकर माळ्यावर चढवलेला. ओले कपडे खिडकीच्या गजांवर आणि स्टुलांवर कसेबसे पसरलेले.

"मावशी, सुरी रुसली की काय?" ताई हसल्या.

म्हातारी हसली नाही. "सुरी धान्याच्या डब्यात आहे. तळाशी. कपड्यांची दोरीही तिथेच."

ताईंची नजर डब्याकडे गेली. हसू जागच्या जागी विरलं.

"कधीपासून हे? आणि मला का नाही सांगितलंत?"

"तू कधी विचारलंस?"

"दर खेपेला विचारते की मावशी!"

"विचारत नाहीस, सांगतेस. 'सगळं ठीक ना?' त्या 'ना'मध्ये उत्तर तूच देऊन ठेवतेस. आम्ही नुसती री ओढायची." म्हातारीने ताईंच्या पायांकडे पाहिलं. "चप्पलसुद्धा काढत नाहीस धड. पुढचं घर गाठायचं असतं ना!"

ताई ओशाळल्या. म्हातारीचा आवाज मात्र खाली उतरला. "याचे वडीलही असेच दाराकडे तोंड करून बसायचे. लढाईतून धडधाकट परतले होते, बरं का! तेव्हाही केंद्रातून एक बाई यायची. चांगली होती, तुझ्यासारखीच. ती 'ठीक ना?' म्हणायची, मी 'हो' म्हणायचे. वीराच्या घरात रडगाणं शोभतं का? झाकली मूठ सव्वा लाखाची! एका सकाळी मी पाणी भरून परत आले, तर..." तिने कोबी खाली ठेवला. "लढाईने नाही नेलं गं त्यांना. माझ्या 'हो'ने नेलं."

बाहेर खुर्ची करकरली. आत तिघी कान देऊन ऐकू लागल्या. पावलं दारापर्यंत गेली, कडी वाजली, पावलं परत आली.

"मला सांगावंसं वाटतं, ताई," बायको पुटपुटली, "पण यांची नोकरी गेली तर? लोक वेडा म्हणाले तर?"

"म्हणू देत!" म्हातारी उसळली. "पाय मोडला असता तर चारचौघांत दाखवला असता. मन मोडलं तर लाज कसली? मुठीत निखारा असला, तर झाकणाऱ्याचाच हात भाजतो!"

ताई उठल्या. चपला काढल्या. बाहेर येऊन, वाघाची दारावरची नजर अडणार नाही अशा बेताने बाजूच्या स्टुलावर बसल्या. मागोमाग सासू-सूनही येऊन उभ्या राहिल्या.

"दादा, झोप कशी लागते?"

वाघ दाराकडेच बघत राहिला. 'लागते ना?' हे शब्द ताईंच्या अगदी ओठांवर आले. त्यांनी ते गिळले आणि बसून राहिल्या.

"लागत नाही," बऱ्याच वेळाने तो म्हणाला. "डोळा लागला की दारात कोणीतरी उभं असतं. परवा जाग आली, तेव्हा माझे हात हिच्या गळ्यावर होते." त्याने आपले तळवे उलटसुलट करून पाहिले. "मला माझीच भीती वाटते, ताई."

बायकोने पदरात तोंड लपवलं. तो आईकडे वळला. "आई, डब्यातली सुरी दुसरीकडे ठेव. मला जागा माहीत आहे."

अरे देवा! जिच्या भरवशावर ते घर जगत होतं, ती लपवाछपवी त्याला पहिल्यापासून ठाऊक होती!

त्या दुपारी ताई पुढच्या घरी गेल्या नाहीत. सुरी आणि दोरी आपल्या पिशवीत घातली, गाडी मागवली आणि वाघाला आणि त्याच्या आईला स्वतः मनाच्या डॉक्टरांकडे घेऊन गेल्या. दवाखान्यात आत जाताना त्याने आईचा हात लहान मुलासारखा धरला होता.

तो एका दिवसात बरा झाला नाही. अजूनही काही रात्री वाईट जातात, आणि सुरी अजून ताईंच्याच कपाटात आहे. पण आता त्या घरात कोणी 'ठीक' म्हणत नाही. जे आहे ते बोलतात.

वाचकहो, सैनिकाच्या गळ्यात हार घालायला आपण सगळे पुढे असतो. त्याच्या शेजारी बसायला किती जण असतात? उत्तराची भीती वाटते, म्हणून आपण प्रश्नाला 'ना' जोडतो. तो 'ना' काढून टाका. एखादं घर त्यानेच वाचेल!

ताई आता दारातच चपला काढतात. "वहिनी, कशा आहात?" एवढंच विचारतात.

आणि वाघाची बायको म्हणते, "बसा ताई, सांगते."