एकशे तेरावे नाव

मेलेल्या माणसाचे नाव पडद्यावर उमटले तेव्हा सकाळचे साडेअकरा वाजले होते आणि रक्त तपासणीच्या प्रयोगशाळेत बसायला जागा उरली नव्हती. उपाशीपोटी ताटकळलेली माणसे नोंदणीच्या काचेला नाक लावून उभी होती. आत संगणकावर नावे आपोआप सरसर वर चालली होती. काही तुटकी, काहींच्या मध्ये चौकोन आणि चित्रविचित्र खुणा, आणि त्या गर्दीत स्वच्छ अक्षरांत ड्रॉइंगच्या मास्तरांचे नाव. मास्तर दर आठवड्याला साखर तपासायला यायचे. मागच्याच महिन्यात ते गेले होते.

"मास्तर आले," रांगेतले कोणीतरी हळूच म्हणाले. कोणी हसले नाही. मग यंत्र थिजले आणि सकाळपासूनची सगळी यादी गेली.

खुर्चीत माझी भाची होती, धाकट्या बहिणीची मुलगी. तीन वर्षे घरी बसून काढल्यावर तिला ही नोकरी लागली होती. दोन महिन्यांतली ही सातवी वेळ, आणि सातही वेळा खुर्चीत तीच. तिच्या दिवसाआड जी बाई त्या खुर्चीत बसायची, जिला सगळे निवांतकाकू म्हणत, तिच्या हाताखाली यंत्र कधी कुरकुरलेसुद्धा नव्हते. लोकांना आणखी काय हवे? तिसऱ्या वेळेपासूनच भाचीकडे बघण्याच्या नजरा बदलल्या होत्या. आता बायका तिला नाव सांगायला तयार होईनात.

मी त्या प्रयोगशाळेत तीस वर्षे काढली. नोंदणीचा प्रोग्रॅम मीच पास्कल या संगणकाच्या भाषेत लिहिलेला, पण तेव्हा मी निवृत्त होऊन घरी होते. मला बोलावण्याऐवजी प्रयोगशाळेच्या डॉक्टरीणबाईंनी दुसऱ्याच माणसाला बोलावले. हा गृहस्थ पूर्वी संगणक विकायचा. आता स्वतःला यंत्रशुद्धी तज्ज्ञ म्हणवायचा. दोऱ्याला बांधलेले तांब्याचे कडे त्याने संगणकावर धरले आणि डोळे मिटून म्हणाला, "यंत्रालाही स्मृती असते. स्मृती आली की संस्कार आले. संस्कार आले की बाधा आलीच."

हे वाक्य मी नंतर ऐकले आणि तीनदा मनात घोळवले. एकेक शब्द कळत होता, सगळे मिळून काहीच कळत नव्हते. त्याने मग भाचीला जवळ उभे केले. कडे गरागरा फिरले. हिची कंपने जड आहेत, गेलेले लोक हिच्यामागे येतात, असे त्याने जाहीर केले. त्याने प्रोग्रॅममध्ये एक 'कवच' घातले, बारा दिशांचे. आणि हिला यंत्रापासून लांब ठेवा म्हणाला.

भाचीला मागच्या खोलीत काचेच्या नळ्या धुवायला बसवले. महिनाअखेर तिला काढायचेही ठरले. मी तावातावाने गेले तर डॉक्टरीणबाई ओशाळून म्हणाल्या, "माझा विश्वास नाही हो बाई यावर. पण करून बघायला काय जातंय?"

"जातंय ते हिचं जातंय," मी म्हणाले.

दोन आठवडे यंत्र बंद पडले नव्हते, एवढेच त्या सांगत राहिल्या. कवच घातले आणि त्याच दिवशी खुर्चीतला माणूसही बदलला, मग गुण कशाचा, हा साधा प्रश्न इतकी शिकलेली बाई स्वतःला विचारत नव्हती. माझे डोके उठले. प्रोग्रॅमची प्रत घेऊन मी घरी आले.

पुढचे चार दिवस आठवले की अजून चिडचिड होते. पाच नावे टाकावीत, चालते. दहा टाकावीत, चालते. प्रत्येक ओळ मी लिहिलेली, प्रत्येक ओळ तोंडपाठ, आणि दोष काही दिसेना. निवृत्तीच्या वर्षी मी त्यात मोठी सुधारणा केली होती. आधी रुग्णांची यादी वेगळी, नमुन्यांची वेगळी, अहवालांची वेगळी, आणि तिघींसाठी तोच तोच मजकूर तीनदा. पुढे पास्कलमध्ये जेनेरिक आले. म्हणजे एकच साचा करायचा आणि त्यात हवी ती वस्तू ओतायची. त्या साच्याचा मला भारी अभिमान होता. म्हणून त्याच्याकडे मी संशयाने बघतच नव्हते. त्या माणसाचे कवच तेवढे वाचून हसले. साच्यात मधोमध बारा रिकामे खण, ज्यांना कोणी कधी हात लावत नव्हते.

पाचव्या दिवशी भाची आली. हातांना जंतुनाशकाचा उग्र वास, बोटांची सालपटे निघालेली. माझ्यासमोर बसून ती रडली नाही, नुसती वैतागून बोलत राहिली. "काकूंचं बरं आहे. सत्तर नावं झाली की उरलेल्यांना उद्या या म्हणतात. उद्या म्हणजे माझा दिवस. कारखान्यातली माणसं तपासणीला यायला लागल्यापासून माझी शंभर नावं दुपारच्या आत होतात, मावशी. एवढं करून मीच वाईट."

"किती म्हणालीस?"

"शंभर. जास्तच."

मी उठून साचा पुन्हा उघडला. बघते तर काय, मीच लिहिलेला आकडा समोर. एक ते शंभर.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो तज्ज्ञ दुसऱ्या संगणकाची शुद्धी करायला आला होता. प्रतीक्षेची खोली भरलेली. मी त्याला सगळ्यांसमोर विनंती केली की त्यानेच खुर्चीत बसावे आणि रिकाम्या यादीत खोटी नावे टाकत जावे. त्याच्याइतकी हलकी कंपने आणखी कोणाची असणार? तो आढेवेढे घेऊ लागला, पण रांगेतल्यांनी त्याला बसवलेच. मग मी मोठ्याने सांगितले, "एकशे बारा नावांपर्यंत काही होणार नाही. एकशे तेराव्याला मास्तर येतील."

सुरुवातीला लोक दबकून होते. नावे संपली तसे त्याला सुचवू लागले. एका आजोबांनी जावयाचे नाव दिले, वर म्हणाले, त्याचं डोकंही तपासून घ्या. शंभर झाली. काही नाही. तज्ज्ञाच्या चेहऱ्यावर तेज आले. शेवटची बारा नावे लोक मोठ्याने मोजत होते. एकशे तेरावे नाव टाकून त्याने कळ दाबली आणि पडद्यावर नावांचा लोंढा सुटला. तुटकी नावे, चौकोन, खुणा, आणि ड्रॉइंगचे मास्तर.

तेवढ्यात जावयावर उठलेले तेच आजोबा काचेला टेकून ओरडले, "अरे, हे माझं नाव आहे. म्हणजे मीही गेलो की काय?"

त्यावर जो हशा पिकला त्याने निम्मे भूत उतरले. उरलेले मी उतरवले.

"समजा, शंभर खणांचं एक कपाट आहे," मी म्हणाले. "त्याला लागूनच एक डबी आहे. किती खण भरले तो आकडा त्या डबीत राहतो. शंभर खण भरल्यावर एकशे एकावं नाव आलं. त्याला खण नाही. ते डबीत पडलं आणि नमुन्याचा चार हजारांतला क्रमांक तिथल्या आकड्यावर बसला. यंत्राला वाटलं आपल्याकडे चार हजार खण आहेत. ते कपाटाच्या पलीकडची जागाही वाचत सुटलं. रोज सकाळी जुन्या रुग्णांची यादी उघडून आपण मिटतो. मिटलं तरी अक्षरं लगेच पुसली जात नाहीत, त्या जागेवर दुसरं काही येईपर्यंत तशीच पडून असतात. त्या यादीत मास्तर आहेत आणि हे आजोबाही आहेत."

"आणि कवच?" डॉक्टरीणबाईंनी विचारले.

"कपाट आणि डबी यांच्यामध्ये ह्यांनी बारा खण ठेवले. सांडलेली बारा नावं तिथं पडली. तेराव्याला पुन्हा डबीच."

नास्तिक लोक जवळ असले की कंपने बिघडतात, असे काहीतरी तज्ज्ञ पुटपुटला. त्याने लबाडी केली होतीच, पण मला वाटते कवच घातल्यावर यंत्र का बंद पडत नाही हे त्यालाही माहीत नव्हते. कुठेतरी लागू पडलेले पाहिले आणि त्यावर दुकान मांडले. दोरा बोटाला गुंडाळत तो निघून गेला.

माझी गोष्ट मात्र सांगायची राहिली होती. शंभर हा आकडा माझा. तेव्हा दिवसाला चाळीस माणसे यायची. कोणी हद्दीबाहेर लिहिले तर पास्कल स्वतः ओरडून सांगते, चूक कुठल्या ओळीत आहे तेही दाखवते. तेव्हाचे यंत्र फार मंद होते, म्हणून वेग वाढावा यासाठी ती तपासणी मी बंद केली होती. प्रोग्रॅमच्या पहिल्या ओळीत 'आर' या अक्षरापुढे एक उणे चिन्ह. नंतर चालू करू म्हटले आणि वर्षे गेली. नवा साचा केला तेव्हाही शंभर तसेच उचलून ठेवले आणि एकाच साच्यातून ती चूक तिन्ही याद्यांत गेली. मी हे सगळे तिथे उभी राहून सांगितले. म्हणाले, मास्तरांना मी बोलावलं, हिनं नाही. ही फक्त भरभर काम करत होती.

उणेचे अधिक केले, आणि गरज पडेल तसे खण वाढत जातील असा बदल केला. दहा मिनिटांचे काम.

डॉक्टरीणबाई मागच्या खोलीच्या दारात जाऊन भाचीला म्हणाल्या, उद्यापासून पुन्हा नोंदणीवर बस. तिने नळ बंद केला, हात पुसले, बाहेर आली.

"यंत्राचं मावशीनं सांगितलं," ती म्हणाली. "माझं तुम्ही सांगा. ह्या सगळ्यांना."

बाईंनी रांगेकडे वळून सांगितले की चूक या मुलीची नव्हती, तिला बाजूला काढणे ही त्यांची स्वतःची चूक होती, आणि शिकलेल्या असूनही त्यांनी ती केली. भाची उद्यापर्यंत थांबलीच नाही. खुर्ची पुढे ओढून तिने पहिल्या माणसाला नाव विचारले.

सगळे तिच्याकडे आले असे मी लिहिणार नाही. दोन बायका उठल्या आणि निवांतकाकूंच्या दिवशी येऊ म्हणून निघून गेल्या. याचाच मला अजून राग येतो. डोळ्यांदेखत मोजून दाखवले तरी माणसावर चिकटवलेला डाग पुसायला यंत्रापेक्षा फार वेळ लागतो.

म्हणून वाचणाऱ्यांना एवढीच विनंती. काही बिघडले की जवळ कोण उभे होते ते नंतर पाहा. आधी त्या दिवशी वेगळे काय घडले ते कागदावर लिहा, मोजा, आणि तोच बिघाड दुसऱ्याच्या हातून घडवून पाहा. अमुक वेळी अमुक होईल असे जो आधी सांगेल आणि चारचौघांत करून दाखवेल त्याचे ऐका. आणि हे सगळे होईपर्यंत कोणालाही खुर्चीवरून उठवू नका.