हलायचं न्हाय

निरवांगीत पहिला कॅमेरा आणला तो बुद्धघोषनं. पार इंदापूरपर्यंतची लग्नं, बारशी, शाळांचे ग्रुप फोटो त्यानंच काढले, आणि माणसांना एकच धडा दिला: माझ्याकडं बघा, हलायचं न्हाय.

आता, शहाण्णव साली, त्याला सिनेमा काढायचा होता. चुलतीचा, रंगूबाईचा. घरोघरी गिरणीचं पीठ आलं, जाती कोपऱ्यात गेली. सासूकडून आलेल्या ओव्या आता एकट्या रंगूबाईच्या गळ्यात उरल्या होत्या.

अंगणात, लिंबाखाली जातं मांडलं. रंगूबाई बसली ती पाठ ताठ करून, हात गुडघ्यांवर, नजर थेट भिंगात.

“नानी, दळा की!”

“आदी फोटू काढ. मग दळती.”

“फोटू न्हाय ओ, सिनेमा हाय! यात हलायचं असतंय!”

“आता हलायचं व्हय? शकूच्या लग्नात नुसती शिंकले तर केवढा खेकसलास! म्हनं, हललं की तोंडं दोन दिसत्यात.”

बुद्धघोषनं कपाळावर हात मारला. दोन रिळं अशीच गेली होती, म्हातारीचा पुतळा टिपण्यात. जेमतेम एक उरलेलं. कॅमेरा पुण्याहून भाड्यानं आणलेला, संध्याकाळी परत द्यायचा.

“आवं, काढा की त्यास्नी एक फोटू,” दारातून त्याची बायको शालन म्हणाली. “त्याबिगर त्या सुटायच्या न्हाईत.”

“तूच काढ! समदे शानेच हायेत हितं!”

शालननं खरंच जुना कॅमेरा उचलला. फ्लॅश उडला.

“झालं गं बाई,” म्हणत रंगूबाईनं श्वास सोडला. खांदे उतरले, पदर सैल झाला. दर लग्नात असंच व्हायचं. फ्लॅश उडला की माणसं परत जिवंत व्हायची. आणि नेमका तेव्हाच बुद्धघोष खाली मान घालून रीळ पुढं सरकवत असायचा.

रंगूबाईनं खुंटा धरला. त्यानं घाईनं सिनेमाच्या कॅमेऱ्याचं बटण दाबलं.

लेक निघाली साळंला, दप्तर गं काखंला
जोंधळा मी भरडीते, तिच्या गं न्याहारीला

पीठ जात्याच्या कडेवरून पांढरं झरत होतं. म्हातारी कुणाकडंच बघत नव्हती.

बुद्धघोषच्या ओठांवर ‘वा नानी’ आलं. त्यानं ते तसंच गिळलं. आवाज ऐकला असता तर ती पुन्हा ताठ बसली असती. शर्टाची कॉलर दातांत धरून तो उभा राहिला, आणि दारात हसू दाबणाऱ्या शालनकडं डोळे वटारून बघत राहिला.