खालचे सूर

"मनगट ढिलं सोड. स्टिअरिंग नाहीये ते."

"दिवसभर तेच धरते गं, सवय आहे," मुलगी म्हणाली आणि हात झटकून तिनं पुन्हा पियानोच्या पट्ट्यांवर ठेवले. अंगात बसचालकाचा निळा गणवेश तसाच होता. ड्यूटी संपवून ती थेट आली होती.

बाई शेजारच्या खुर्चीवर ताठ बसल्या होत्या. उमेदीची सारी वर्षं त्यांनी मोठमोठ्या सभागृहांत पियानो वाजवण्यात घालवली. टाळ्या, फुलं, आगगाड्या, हॉटेलच्या खोल्या. पुढे खांद्यानं दगा दिला, मैफली सुटल्या आणि त्या घरीच शिकवू लागल्या. शिकवण्यातही त्यांचं नाव झालं आणि त्याहून जास्त त्यांच्या जिभेचं. ज्याच्या हातात काही नाही, त्याला त्या तोंडावर सांगत, "तुमचाही वेळ जातो, माझाही. दुसरं काहीतरी शिका."

ही पोटची पोर मात्र अलीकडेपर्यंत या बाकावर कधी बसली नव्हती. तिला मावशीनं वाढवलं. ताप आला की मावशी, शाळेत बक्षीस मिळालं की मावशी. आई घरी असली तरी पियानोच्या खोलीचं दार बंद. लहानपणी ते दार ढकलून तिनं म्हटलं होतं, "मला शिकव ना." "आत्ता नको, परवा कार्यक्रम आहे." असं बरेचदा झालं आणि तिनं विचारणंच सोडलं. मोठी झाल्यावर रेडिओवर पियानो लागला तरी ती उठून बंद करी.

मग मावशी गेली, आणि थोड्याच दिवसांनी मुलगी दारात येऊन उभी राहिली.

"मला शिकायचंय."

बाईंना थट्टा वाटली. "आता? या वयात?"

"मावशी होती तोवर तुझ्यावाचून माझं काही अडलं नाही. आता तूच उरलीस. आणि नुसतं समोरासमोर बसून आपण दोघी बोलणार काय?"

"शनिवारी ये," बाई म्हणाल्या. "पण उशीर चालत नाही मला."

"बस चालवते मी. उशिराचं मला नको सांगूस."

ती नेमानं येत राहिली. पण बोटं काही वळेनात. आखूड, जाड, थेट बापावर गेलेली. तालाचं तर वावडंच. लहान मुलं चार दिवसांत बसवतात ती साधीशी चाल हिला अख्खा हिवाळा पुरली. ऐकता ऐकता बाई मध्येच डोळे मिटून घेत.

आज तिनं ती चाल अडखळत का होईना, शेवटपर्यंत नेली आणि हात मांडीवर ठेवले.

"आई, बाकीच्यांना सांगतेस तसं सांग. मला येईल?"

बाई खिडकीकडे बघत राहिल्या. हो म्हणायला काय जात होतं? पण ते खोटं हिला लगेच कळलं असतं, आणि मग दार पुन्हा लागलं असतं, या वेळी तिच्या बाजूनं.

"नाही," त्या म्हणाल्या. "नाही येणार."

मुलगी खो-खो हसली. "मावशी म्हणायची, तुझ्या आईला तोंडदेखलं बोलताच येत नाही." हसता हसता तिचे डोळे भरून आले. "मग येऊ नको ना आता?"

"तसं म्हटलं का मी?"

"बाकीच्यांना म्हणतेस."

"बाकीच्यांना मी शिकवते. तुला..." बाईंनी ते वाक्य तिथंच सोडून दिलं. "सरक जरा तिकडे."

मुलगी सरकली. बाई खुर्चीवरून उठून बाकावर तिच्या डाव्या अंगाला टेकल्या.

"वरचे सूर तू वाजव. खालचे मी बघते."

"मी चुकणार गं."

"चुकशील. वाजव."

मुलीनं सुरुवात केली. चार-दोन सूर नीट गेले, मग बोट घसरून भलत्याच पट्टीवर पडलं. ती मान खाली घालून पुढचा सूर शोधू लागली. बाईंचा हात पट्ट्यांच्या किंचित वर थांबला. खांद्यातून कळ येत होती. तिला सूर सापडायची वाट बघत त्यांनी हात तसाच धरून ठेवला.