सातवं प्रकरण

यशोधराच्या कादंबरीला पुरस्कार मिळाला तेव्हा मळवलीत तीन सत्कार झाले. एक तिचा, एक तिच्या शाळेचा, आणि तिसरा ज्यांना पहिल्या दोहोंत बोलायला मिळालं नव्हतं त्यांच्या समाधानासाठी. तिथवर ठीक होतं. मग विहारात ठरलं, वर्षावासाच्या तीन महिन्यांत रोजचं ग्रंथवाचन आटोपलं की आपल्या लेकीच्या कादंबरीचं एक प्रकरण वाचायचं.

पण सातव्या प्रकरणातली बाई म्हणजे यशोधराची चिमामावशी. नाव बदललं होतं, गाव बदललं होतं. पण बंगल्याची राखण, गालावरचा डाग, कार्ल्याच्या फाट्यावर विकलेली करवंदं, सगळं जसंच्या तसं. आणि मावशीनं तिच्या एकटीच्या कानात घातलेलं तेही. नवऱ्याचं घर सोडताना तिनं दीड वर्षाची लेक तिथंच ठेवली होती, आणि माहेरी येऊन ‘तापानं गेली’ म्हणून सांगितलं होतं. चाळीस वर्षं गाव त्या पोरीसाठी हळहळत होतं. मावशीला वाचता येत नाही, एवढ्याच भरवशावर यशोधरानं ते लिहिलं होतं.

“सातवं गाळू या का, धम्मदीपभाऊ?”

“का गं? परीक्षकांनी गाळलं होतं का?” विहाराचं काम पाहणारा धम्मदीप हसला.

सातव्या प्रकरणाच्या दिवशी मावशी पांढरं लुगडं नेसून सगळ्यांत पुढं. रोज वाचणारी प्रतीक्षा वाचायला बसणार, तोच यशोधरानं पुस्तक ओढून घेतलं. “आज मी वाचते.”

नेमक्या पानाशी येताच ती मनचं सांगू लागली. पोरीला ताप चढवला, डॉक्टर उशिरा आणला, पहाटे तिचे डोळे मिटवले. बायका पदरानं डोळे पुसू लागल्या. छापलेल्यापेक्षा हे बरं जमलंय, हेही तिला कळत होतं.

मागं एक मान वर झाली. वाचता येणारे इथं आपली प्रत मांडीवर घेऊन ओळीवर बोट ठेवून ऐकतात, आणि कादंबरी तर, कुणी अजून उघडली नसली तरी, सत्कारांतून घरोघर गेलेली. दुसरी मान वर झाली. तिसरी. बोटं जागीच थांबली. नजरा आधी यशोधरावर आल्या, मग एकेक करून मावशीच्या पाठीवर गेल्या.

मावशीनं वळून सगळ्यांकडं पाहिलं.

“यशे, पुस्तकात जित्ती हाय व्हय ती?”

मुलाखतीत कधी न अडलेल्या यशोधरानं पुस्तक मिटून छातीशी धरलं.

मावशी उठली. तिच्या हातातलं पुस्तक काढून प्रतीक्षाच्या हातात दिलं. “तू वाच गं बाय. हिला भ्या वाटतंय. मी हितंच बसती.”

ती पुन्हा पुढंच बसली. यशोधराकडं मात्र तिनं पाहिलं नाही.